आगळाचा रंग, तिवराचे मीठ आणि पेशीपटलाची निवड

देवगड तालुक्यात अकरावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने काही प्रश्न एकत्र विचारले आहेत. कोकमाच्या सालींना मीठ लावून आगळ (खारवलेला रस) करताना पाणी सुटते ते परासरणाने, म्हणजे पातळ द्रावणाकडून तीव्र द्रावणाकडे पटलातून पाणी जाण्याने, हे विद्यार्थ्यांना पटते. मात्र पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचे पातळ आवरण, पाणी सोडते आणि पाण्यात विरघळलेले पदार्थ अडवते, हे खरे असेल तर त्या सुटलेल्या पाण्यात लाल रंग आणि आंबटपणा येतो कोठून, असे एका विद्यार्थ्याने विचारले. दुसऱ्याने विचारले की खाडीतल्या तिवर या कांदळवनातल्या झाडाच्या मुळांशी खारे पाणी असते, मग पाणी झाडातून बाहेर जाण्याऐवजी आत कसे येते? तिसऱ्याचा प्रश्न असा, की पेशीत सोडियमसाठी पंप असतो, तर थेट पाण्यासाठीच पंप का नाही? हे सर्व वर्गात दाखवता येईल असा एखादा प्रयोग सुचवावा, अशीही त्यांची विनंती आहे. वनस्पतींच्या शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापन आणि प्रात्यक्षिके हेच माझे काम असल्याने हे प्रश्न माझ्या ओळखीचे आहेत, आणि पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा ते अधिक खोल आहेत.

पेशीपटल म्हणजे बारीक भोकांची चाळणी, लहान कण जातात आणि मोठे अडकतात, ही समजूत प्रथम दूर करावी लागते. पाण्याच्या रेणूचा व्यास सुमारे 0.28 नॅनोमीटर असतो (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). सोडियमचा आयन (विद्युतभारित अणू), त्याच्याभोवतीचे पाणी वगळले तर, त्याहून लहान असतो. तरीही पटल पाण्याला वाट देते आणि सोडियमला अडवते. उलट पाण्याहून पंधरा-सोळा पट वजनाचे स्टेरॉइड संप्रेरकांचे रेणू पटलातून फारसा अडथळा न येता पार होतात. तेव्हा निवडीचा निकष केवळ आकार हा नाही.

खरा निकष पटलाच्या रचनेत आहे. पटलाचा पाया फॉस्फोलिपिड या स्निग्ध रेणूंचा असतो. अशा प्रत्येक रेणूला पाण्याशी जुळवून घेणारे एक डोके आणि पाण्यापासून दूर राहणाऱ्या दोन लांब शेपट्या असतात. पाण्यात असे असंख्य रेणू एकत्र आले की ते आपोआप दोन थरांत मांडले जातात, डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे आणि शेपट्या आत एकमेकींकडे. ही मांडणी करण्यासाठी पेशीला वेगळी ऊर्जा लागत नाही. प्रथिनांसह पटलाची जाडी साधारण सात ते आठ नॅनोमीटर भरते, आणि त्यातला मधला तेलकट भाग जेमतेम तीन ते चार नॅनोमीटरचा असतो. जी काही निवड होते ती एवढ्याशा तेलकट भागात आणि त्यात बसलेल्या प्रथिनांत.

हे तेलकट स्वरूप पटल डोळ्यांनी दिसण्याच्या कितीतरी आधी ओळखले गेले होते. 1890च्या दशकात अर्न्स्ट ओव्हरटन यांनी शेकडो पदार्थ जिवंत पेशींवर वापरून पाहिले आणि जो पदार्थ तेलात सहज विरघळतो तो पेशीत लवकर शिरतो, हा नियम मांडला. 1925 मध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील स्निग्ध पदार्थ काढून पाण्यावर एकेरी थरात पसरले, आणि त्या थराचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट असल्याचे दाखवून दुहेरी थराची कल्पना पक्की केली. यातली गंमत अशी की त्यांच्या हातून सगळे स्निग्ध निघाले नव्हते आणि पेशींचे क्षेत्रफळही त्यांनी कमी धरले होते. या दोन त्रुटींनी एकमेकींना सांभाळून घेतले आणि निष्कर्ष बरोबर निघाला.

हा दुहेरी थर गोठलेला नसतो. 1970 मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची एक पेशी आणि माणसाची एक पेशी एकमेकींत मिसळली आणि दोन्हींच्या पटलांवरील प्रथिनांना वेगवेगळ्या रंगांची खूण केली. 37 अंश सेल्सिअसला सुमारे चाळीस मिनिटांत दोन्ही रंग सगळीकडे पसरले, थंड ठेवलेल्या पेशींत मात्र ते जागच्या जागी राहिले. 1972 मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी मांडलेल्या तरल पटलाच्या प्रतिकृतीला हा मोठा आधार होता. आपल्याकडे या तरलतेचा अनुभव आंब्याच्या मोसमात येतो. न पिकलेला हापूस 12-13 अंशांखाली बरेच दिवस ठेवला तर साल काळपट पडते, तिच्यावर खळगे दिसतात आणि बाहेर काढल्यावरही फळ नीट पिकत नाही. उष्ण प्रदेशातील फळांच्या पटलांतले स्निग्ध पदार्थ एवढ्या थंडीत घट्ट होऊ लागतात, पटल गळके बनते आणि आतले आयन बाहेर झिरपतात, हे या इजेचे एक प्रमुख कारण मानले जाते. काश्मीरचे सफरचंद शून्य अंशाच्या जवळपास महिनोन्महिने टिकते आणि हापूस टिकत नाही, या फरकाच्या मुळाशी पटलाची घडणही आहे.

आता पाण्याकडे वळू. तेलात पाणी मिसळत नाही, मग तेलकट थरातून पाणी जाते कसे, असा प्रश्न हुशार विद्यार्थ्याने विचारायलाच हवा. पाण्याचा रेणू लहान असतो आणि त्याच्यावर निव्वळ विद्युतभार नसतो, त्यामुळे शेपट्यांच्या सततच्या हालचालीत तयार होणाऱ्या क्षणिक फटींतून थोडे पाणी नेहमीच पार होते. परंतु तांबड्या रक्तपेशी किंवा मूत्रपिंडाच्या नलिका यांतून पाणी ज्या वेगाने जाते त्याचा हिशेब एवढ्याने लागत नव्हता. 1992 मध्ये पीटर आग्रे यांच्या गटाने रक्तपेशींतील एका प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए (प्रथिन बनवण्याची सूचना नेणारा रेणू) बेडकाच्या अंड्यात घातला आणि ती अंडी कमी क्षारांच्या पाण्यात सोडली. साधी अंडी जशीच्या तशी राहिली, तर हे प्रथिन तयार झालेली अंडी काही मिनिटांत फुगून फुटली. या जलमार्गिकेला ॲक्वापोरिन असे नाव मिळाले आणि 2003 साली आग्रे यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एका ॲक्वापोरिनमधून सेकंदाला सुमारे तीन अब्ज पाण्याचे रेणू एकामागोमाग एक जातात, पण एकही हायड्रोजन आयन जात नाही. मार्गाच्या मधोमध पाण्याचा रेणू अशा रीतीने फिरवला जातो की शेजारच्या रेणूंशी त्याची साखळी तुटते, आणि त्या साखळीवरून सरकणाऱ्या हायड्रोजन आयनाची वाट तिथेच बंद होते. हे झाले नसते तर पाणी पिताना पेशीची आम्लता बिघडली असती. ॲक्वापोरिन पाण्याला ओढत नाही वा ढकलत नाही, हे मात्र विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. ते फक्त वाट देते. दिशा ठरते ती दोन्ही बाजूंच्या द्राव्यांच्या प्रमाणावरून आणि दाबावरून.

आयनांची गोष्ट निराळी आहे. सोडियमचा आयन पाण्याच्या रेणूंनी घट्ट वेढलेला असतो, आणि तेलकट थरात शिरायचे तर हे वेढे सोडावे लागतात. त्याची ऊर्जेतली किंमत इतकी मोठी असते की प्रथिने नसलेल्या निव्वळ स्निग्ध थरातून सोडियम पाण्याच्या तुलनेत अब्जपटीहूनही सावकाश जातो. म्हणून आयनांसाठी प्रथिनांच्या मार्गिका असतात आणि त्यांची निवड थक्क करणारी असते. पोटॅशियमची मार्गिका पोटॅशियमला सेकंदाला कोटी-कोटींच्या संख्येने सोडते आणि त्याहून लहान असलेल्या सोडियमला मात्र अडवते. मॅकिनन यांनी 1998 मध्ये या मार्गिकेची रचना उलगडली तेव्हा कारण स्पष्ट झाले. मार्गिकेच्या अरुंद भागातील ऑक्सिजनचे अणू पोटॅशियमला त्याच्या पाण्याच्या वेढ्याची नेमकी भरपाई देतात. लहान सोडियम त्या अणूंपर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून पाणी सोडून आत येणे त्याला परवडत नाही. चाळणीची समजूत मोडण्यासाठी माझ्या मते याहून चांगले उदाहरण नाही.

एवढी तयारी झाल्यावर कोकमाचे उत्तर अवघड राहत नाही. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीतला लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा असतो आणि आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा. हे दोन्ही पेशीच्या मध्यभागी असलेल्या मोठ्या रिक्तिकेत, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीत, साठवलेले असतात. रिक्तिकेला स्वतःचे पटल असते आणि त्याबाहेर पेशीरसाला वेढणारे मुख्य पेशीपटल असते, म्हणजे रंगाला बाहेर येण्यासाठी दोन पटले ओलांडावी लागतात. मीठ लावल्यावर पहिल्या टप्प्यात पेशी जिवंत असतात. बाहेर मिठाचे तीव्र द्रावण तयार होते, पाणी पेशींतून बाहेर येते, पटल पेशीभित्तिकेपासून (पेशीच्या कडक बाह्य भिंतीपासून) सुटून आत आक्रसते, आणि रंग आतच राहून उलट अधिक गडद होतो. फळ चिरताना ज्या पेशी कापल्या गेल्या त्यांचा रंग तेवढा लगेच पाण्यात उतरतो. दुसरा टप्पा पेशींच्या मृत्यूचा असतो. पाणी गमावलेल्या आणि मिठाने वेढलेल्या पेशी काही काळाने मरतात, पटले फाटतात, आणि रंग, आम्ल, शर्करा असे सारे बाहेरच्या पाण्यात मिसळते. त्याच वेळी मीठही आत शिरते. तेव्हा विद्यार्थ्याची शंका योग्य आहे. आगळातले सुरुवातीचे पाणी परासरणाचे असले, तरी आगळाचा रंग आणि आंबटपणा परासरणाने येत नाही. तो पटल निकामी झाल्याचा परिणाम आहे. खारात घातलेली कैरी आतपर्यंत खारट होते ती याच कारणाने. पेशी जिवंत असेतोवर मीठ भित्तिकांमधल्या आणि पेशींमधल्या जागेत फिरते, पेशीच्या आत त्याचा शिरकाव फार थोडा होतो.

तिवराकडे येताना एक आकडा लक्षात ठेवावा. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्याचा परासरण दाब साधारण 25 वातावरणे, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या 25 पट, भरतो. याचा अर्थ असा, की खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी पटलापलीकडे ओढायचे तर पलीकडे 25 वातावरणांहून अधिक ओढ हवी. ही ओढ पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाने निर्माण होते. 1965 मध्ये शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाबकक्ष वापरून कांदळवनातील झाडांच्या जलवाहिन्यांतला ताण मोजला, तो 30 ते 60 वातावरणांच्या दरम्यान निघाला. मुळांत आतल्या थराच्या पेशींभोवती मेणासारख्या द्रव्याची पट्टी असते, त्यामुळे पाण्याला पेशींमधल्या जागेतून आडवाटेने जाता येत नाही, कोठेतरी पटल ओलांडावेच लागते, आणि तेथे मीठ मागे राहते. मुळे थंड केली किंवा श्वसन रोखणारी रसायने दिली तरी ही गाळण चालूच राहते, असेही शोलँडर यांना दिसले. म्हणजे तेवढ्यापुरती पेशीची स्वतःची ऊर्जा खर्ची पडत नाही, काम करते ते ऊन. घरातल्या आरओ यंत्रात वीज जो दाब देते तो येथे पानांकडून ताणाच्या रूपात मिळतो, भौतिकी दोन्हीकडे एकच.

मात्र कांदळवनातली सगळी झाडे सारखी वागत नाहीत. कांदळाची मुळे जवळजवळ सगळे मीठ बाहेर ठेवतात. तिवर इतके काटेकोर नाही, त्याच्या जलवाहिनीतील रस समुद्राच्या सुमारे एक दशांश खारट असतो, आणि आत आलेले हे मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकले जाते. दुपारच्या उन्हात तिवराच्या पानावर मिठाचे कण चमकतात आणि पान जिभेला खारट लागते ते यामुळे. या ग्रंथींचे काम मात्र फुकट होत नाही, त्यांच्या पटलांतले पंप एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्च करून चालतात. जे मीठ तरीही पानात उरते ते रिक्तिकेत कोंडले जाते, आणि पेशीरसातली विकरे (एन्झाइम) मिठाने बिघडू नयेत म्हणून तिथे समतोलासाठी ग्लायसीन बीटेन हे निरुपद्रवी द्राव्य साठवले जाते.

तिसऱ्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की एटीपी जाळून पाणीच ढकलणारा पंप आजवर कोणत्याही सजीवात आढळलेला नाही, आणि त्याची कारणेही समजण्यासारखी आहेत. ज्या पटलातून पाणी इतक्या सहज परत झिरपते त्यावर पाण्याचा पंप बसवणे म्हणजे ऊर्जा वाया घालवणे. शिवाय एक लिटर पाण्यात पाण्याचे सुमारे 55 मोल (मोल हे रेणूंची संख्या मोजण्याचे एकक) असतात, तर समुद्राच्या पाण्यातसुद्धा क्षारांचे आयन सगळे मिळून एका मोलच्या आसपास भरतात. थोडे आयन हलवले की बरेच पाणी आपोआप त्यांच्यामागे जाते. म्हणून पेशी पाण्याचे नियमन नेहमी द्राव्यांच्या मार्फत करते. सोडियम-पोटॅशियम पंप हा या अर्थाने पाण्याचाही पंप आहे. येन्स स्काउ यांनी तो 1957 मध्ये शोधला, तोही किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या पायांतील चेतातंतूंमध्ये, आणि 1997 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. एका एटीपीच्या मोबदल्यात हा पंप तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. प्राण्यांच्या पेशीला भित्तिका नसते आणि आत प्रथिने अडकलेली असतात, त्यामुळे हा पंप थांबवला तर सोडियम आत साचतो, त्यामागे पाणी येते आणि पेशी फुगते.

आपल्या बाजारातल्या मासळीत याचे दोन वेगळे मार्ग पाहायला मिळतात. बांगडा किंवा सुरमई यांचे रक्त समुद्राच्या सुमारे एक तृतीयांशच खारट असते, म्हणून कल्ल्यांतून त्यांचे पाणी सतत बाहेर जाते. ते समुद्राचे पाणी पितात, आतड्यातून क्षार आत घेतात, त्यामागे पाणी येते, आणि नको असलेले क्षार कल्ल्यांतील खास पेशी बाहेर टाकतात. मुशीने, म्हणजे लहान शार्कने, दुसरी वाट धरली आहे. ती रक्तात भरपूर युरिया आणि ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड साठवून एकूण तीव्रता समुद्राच्या बरोबरीची किंवा किंचित जास्त ठेवते, त्यामुळे तिला पाणी पिण्याची गरजच फारशी राहत नाही. पण युरिया लहान रेणू असल्याने कल्ल्यांतून निसटू शकतो, आणि शार्कच्या एका जातीत तो अडवण्यासाठी कल्ल्यांच्या पेशींच्या एका बाजूच्या पटलात कोलेस्टेरॉलचे प्रमाण असाधारण जास्त असल्याचे आढळले आहे. मुशी शिळी झाली की येणारा उग्र दर्प त्याच युरियापासून जिवाणूंनी केलेल्या अमोनियाचा असतो.

माणसाच्या आतड्यातही पाणी द्राव्यांच्या मागेच जाते, आणि हे आपल्याला पेजेमुळे सहज समजावता येते. लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असते, ते एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम आत आणते. सोडियमची आत येण्याची प्रवृत्ती पेशीच्या दुसऱ्या बाजूला असलेल्या पंपामुळे टिकून राहते, म्हणजे येथे एटीपी अप्रत्यक्ष खर्च होते. कॉलऱ्यात आतड्यातून क्लोराइड आणि त्यामागे पाणी बाहेर ओतले जाते, पण हा ग्लुकोज-सोडियमचा वाहक शाबूत राहतो. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे द्रावण तोंडाने देऊन असंख्य जीव वाचवले ते याच वाटेच्या बळावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या सूत्रात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला 75 मिलिमोल आहेत आणि एकूण तीव्रता मुद्दाम रक्तापेक्षा कमी, लिटरला 245 मिलिऑस्मोल (विरघळलेल्या सर्व कणांची मोजणी), ठेवली आहे. तांदळाच्या पेजेतला स्टार्च आतड्यात हळूहळू ग्लुकोज देतो, म्हणून मीठ घातलेली पेज या तत्त्वात बसते. नुसत्या मिठाच्या पाण्याचा तेवढा उपयोग होत नाही. जुलाबात तयार पाकिटातले द्रावण हाताशी असेल तर तेच द्यावे, कारण घरी मिठाचे प्रमाण सहज चुकते.

प्रयोगासाठी ऱ्हिओचे पान पुरेसे आहे. ते कुंपणाला सर्रास लावलेले असते. पानाच्या जांभळ्या बाजूचा पातळ पापुद्रा काढून तीन तुकडे करावेत. पहिल्यावर समुद्राच्या गाळलेल्या पाण्याचा थेंब टाकावा. सूक्ष्मदर्शकाखाली काही मिनिटांत जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आक्रसलेला दिसतो, आणि नंतर साध्या पाण्याने वारंवार धुतल्यास तो पुन्हा फुगतो, यावरून पेशी जिवंत होती हे ठरते. दुसऱ्या तुकड्यावर 100 मिलिलिटरमध्ये 17 ग्रॅम साखर असलेले आणि तिसऱ्यावर 3 ग्रॅम युरिया असलेले द्रावण घालावे. दोन्हींची मोलर तीव्रता जवळपास सारखी आहे. दोन्हींत रससंकोच, म्हणजे वर सांगितलेले आक्रसणे, होतो, पण साखरेतल्या पेशी तशाच राहतात, तर युरियातल्या पेशी द्रावण न बदलताही हळूहळू पूर्ववत होतात, कारण युरिया पटलातून आत शिरतो आणि त्यामागे पाणी येते. याला बराच वेळ, कधी काही तासही लागतात, म्हणून आच्छादन काचेच्या कडांना व्हॅसलीन लावून बाष्पीभवन थांबवावे, नाहीतर द्रावण घट्ट होऊन निष्कर्ष चुकतो. शेवटी पहिल्याच तुकड्यावर स्पिरिटचा एक थेंब सोडावा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहत राहण्यास सांगावे. रंग पेशीच्या बाहेर पसरताना दिसेल, आणि कोकमाचा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला त्यापुढे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही.